घाटात-कोकणात ट्रेनमागे फिरायला वाहन कोणतं घ्यावं?

आउटर सिग्नल
नमस्कार मंडळी. ट्रेन बघणं आणि त्यांचे फोटो काढणं हा माझा कॉलेजपासूनचा छंद. आतापर्यंत लोकलने कर्जत, पॅसेंजरने आदर्की, तुतारीने चिपळूण असं करून भागवलं. पण ट्रेनने गेलं की स्टेशनाच्या आसपासच अडकायला होतं. बोरघाटात मागून बँकर (चढावर मदतीला लावलेली जादा इंजिनं) ढकलत असताना चढणारी एक्सप्रेस, सालप्याच्या वळणांवरची मालगाडी, उक्षीकडचा पावसातला कोकण रेल्वेचा मार्ग, हे फलाटावरून मिळत नाही. म्हणून आता स्वतःचं वाहन घ्यायचं ठरवलंय.

मुक्काम पुण्यात. बजेट सहा लाखांपर्यंत, वापरलेली चालेल. बहुतेक वेळा मी एकटा असतो, सुट्टीत आठ वर्षांची मुलगी बरोबर असते. सामानात एक जड टेलिफोटो लेन्स, ट्रायपॉड आणि आवाजासाठी रेकॉर्डर. दुचाकी घ्यावी की चारचाकी? चारचाकी घेतली तर उंच, फोर बाय फोर हवी का साधी हॅचबॅक पुरेल? पेट्रोल, डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक? ऑफिसला नेणार नाही, हे वाहन छंदापुरतंच. मोकळेपणाने लिहा.

घाटवेडा
दुचाकी! मी एक्सपल्स वापरतो. जमिनीपासून २२० मिमी उंची, वजन १६० किलोच्या आत, चिखलात रुतली तर एकट्याने ओढून काढता येते. शेताच्या बांधावर, फाटकाच्या कडेला, झाडाखाली, कुठेही लावा.

कुणीतरी आता एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे म्हणेल. आहेच. पण ट्रेनच्या फोटोसाठी एक्सप्रेसवेचा उपयोग काय? तिथे थांबायलाच मनाई. जुना महामार्ग देहूरोड, वडगाव, कामशेत, मळवली असा रुळांच्या संगतीने लोणावळ्यापर्यंत जातो, आणि तो दुचाकीला खुला आहे. पुढे खंडाळ्यातून शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोलीला उतरलात की पळसदरी हाकेच्या अंतरावर.

पहिला फलाट
वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त बजेट निम्मं.

लो गिअर
जिम्नी घ्या किंवा जुनी जिप्सी शोधा. फोर बाय फोर आणि लो रेशो असला की पावसाळ्यात शेतातल्या कच्च्या वाटेवर मनात धाकधूक राहत नाही. जिम्नीची जमिनीपासून उंची २१० मिमी. नवी बारा लाखांच्या वर जाते हे मान्य, पण वापरलेली जिप्सी बजेटमध्ये बसू शकेल. ती रेल्वेवाल्या वाटांवर एकदम शोभूनही दिसते.

पावसाळी
लो गिअर, जिप्सी मलाही प्रचंड आवडते, तरी इथे माझा विरोध नोंदवते. :)

आपल्याकडे ट्रेनच्या फोटोसाठी जिथे जावं लागतं तिथे रस्ता खराब असण्यापेक्षा अरुंद असण्याचाच त्रास जास्त. गावातून रुळाकडे जाणारी वाट एका बैलगाडीच्या रुंदीची, शेवटी बंद फाटक किंवा कुणाचं अंगण. तिथून वळून परत यायचं असतं. जिम्नीची वळण-त्रिज्या ५.७ मीटर, म्हणजे एका दमात वळवायला साधारण साडेअकरा मीटर जागा लागते. अल्टो के१० ची ४.५ आणि वॅगनआरची ४.७ मीटर, म्हणजे नऊ-साडेनऊ मीटरमध्ये काम होतं. हे दोन मीटर कागदावर काहीच वाटत नाहीत. समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला आणि तिकडे ट्रेन पुढच्या स्टेशनातून सुटली की त्यांची किंमत कळते.

फोर बाय फोर लागेल अशा जागी मी गाडी नेतच नाही. अलीकडे लावायची आणि चालायचं. शेवटचा अर्धा किलोमीटर पायीच करायचा असतो, मग वाहन कोणतंही असो.

हॅचबॅकचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. मागचं दार वर उघडलं की ते छप्पर होतं. कोकणातल्या पावसात ट्रायपॉड त्याखाली लावून आरामात उभं राहता येतं, लेन्सवर थेंब नाही. सेडानची डिकी याबाबतीत निरुपयोगी आणि दुचाकीवर तर विचारूच नका.

घाटवेडा
पावसाळी, छपराचा मुद्दा एक नंबर. तेवढ्यापुरता मी शांत बसतो. पण वळण-त्रिज्येच्या शर्यतीत दुचाकीच पहिली हे तुम्हीही मान्य कराल. :D

पावसाळी
मान्य, शंभर टक्के मान्य. पण धागाकर्त्यांबरोबर आठ वर्षांची मुलगी, जड टेलिफोटो आणि जुलै महिना आहे.

जुना गार्ड
मी बोरघाटात गार्ड म्हणून काम केलेला माणूस. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी त्याआधी निवृत्त झालो. वाहनाबद्दल तुम्ही तरुण मंडळी सांगालच. मी घाटाबद्दल थोडं लिहितो, कारण वाहन निवडायच्या आधी घाट समजायला हवा.

बोरघाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. १८६३ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून चढ हाच या घाटाचा स्वभाव आहे. पुण्याकडे जाणाऱ्या ट्रेनला कर्जतला मागून बँकर लागतात आणि लोणावळ्याला ते सुटतात. माझ्या काळात डब्ल्यूसीजी-२ बँकर असत, चॉकलेटी डीसी लोको, म्हणजे एकदिश विजेवर चालणारी इंजिनं. त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ते विसरत नाहीत. आता डीसी गेली, लोको बदलले, पण ढकलणं तेच. वंदे भारतला मात्र बँकर लागत नाहीत, कारण तिच्यात मोटर असलेले डबे संपूर्ण गाडीत विखुरलेले आहेत.

आता मुद्द्याचं. बँकरसकट सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या ज्या जागा आहेत, ठाकूरवाडी, मंकी हिल, त्या दरीतल्या आणि बोगद्यांमधल्या आहेत. तिथे रस्ता जात नाही. तुमची जिम्नी असो नाहीतर रणगाडा असो, तिथे वाहनाने पोहोचता येत नाही, आणि रुळावरून चालत जायचा विचार तर मनातही आणू नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, विनापरवाना रेल्वे हद्दीत शिरणं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट सांगतो. घाट उतरणारी ट्रेन जवळपास बिनआवाजी येते. चढणारीचा आवाज दरीभर घुमत असतो, त्यात उतरणारी ऐकूच येत नाही. बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पळायला जागा नसते. आमच्या लोकांनी तिथे जे पाहिलंय ते मी इथे लिहीत नाही.

लांबून काढा, उंचावरून काढा, टेलिफोटो आहेच तुमच्याकडे.

आउटर सिग्नल
काका, मनापासून धन्यवाद. रुळावर जाणार नाही हा शब्द.

पावसाळी, मागच्या दाराचं छप्पर ही कल्पना जबरदस्त आहे. पण जमिनीपासूनच्या उंचीचं काय? खड्ड्यांत खालून घासत नाही का?

पावसाळी
घासतं, पण सामान आणि माणसं कमी असली की कमी घासतं. माझ्या हॅचबॅकची उंची १६० मिमीच्या आसपास आहे आणि सावकाश चालवलं की भागतं. थोडी जास्त हवी असेल तर इग्निस बघा. १८० मिमी उंची आणि वळण-त्रिज्या तरीही ४.७ मीटर. फार उंच नाही, फार लांब नाही, आणि तुमच्या बजेटमध्ये वापरलेली मिळू शकते.

कोकणपट्टी
इथे 'पाठलाग' या कल्पनेतच थोडी गडबड होतेय असं मला वाटतं. मी रत्नागिरीचा. कोकण रेल्वेच्या मार्गावर सुपरफास्ट ट्रेनला रस्त्याने गाठणं अशक्य आहे, आणि त्याचा वाहनाशी काही संबंध नाही. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये कारबुडे बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. ताशी ९० ने जाणारी ट्रेन साडेचार मिनिटांत डोंगराच्या पलीकडे. रस्ता मात्र डोंगराला वळसा घालून जातो. एनएच ६६ आणि रूळ कोलाड, माणगाव, चिपळूण, संगमेश्वर अशा ठिकाणी जवळ येतात आणि पुन्हा दूर जातात. मधल्या भागात तुम्ही कितीही जोरात चालवा, ट्रेन दिसणारच नाही.

मग करायचं काय? दोन गोष्टी. पहिली, सावकाश ट्रेन निवडा. कोकण रेल्वे रोहा ते वीर सोडलं तर मुख्यतः एकेरी मार्ग आहे. त्यामुळे दिवा-सावंतवाडी पॅसेंजर आणि मालगाड्या क्रॉसिंगसाठी स्टेशनात थांबतात, कधी कधी भरपूर वेळ. मांडवीला, जनशताब्दीला, वंदे भारतला वाट द्यावी लागते. तेवढ्या वेळात तुम्ही आरामात पुढे जाऊन जागा शोधू शकता, साध्या अल्टोनेसुद्धा. एकच पॅसेंजर दोन-तीन ठिकाणी मिळते आणि मधे क्रॉसिंगची ट्रेन फुकट.

दुसरी, पावसाळी वेळापत्रक वाचा. पावसाळ्यात या मार्गावर वेग कमी ठेवलेले असतात आणि जोराच्या पावसात दिसेनासं झालं की ताशी ४० पर्यंत खाली आणायची सूचना असते. म्हणजे ज्या दिवसांत निसर्ग सगळ्यात सुंदर, त्याच दिवसांत ट्रेन सगळ्यात सावकाश. यापेक्षा आणखी काय हवं?

थोडक्यात, वाहनाचा वेग बघू नका. ते कुठे थांबू शकतं हे बघा.

लो गिअर
कोकणपट्टी, सहमत. पण उक्षीकडचे रस्ते पावसात कसे असतात हे तुम्हीच सांगा. तिथे फोर बाय फोर नको?

कोकणपट्टी
डांबरी आहेत, अरुंद आहेत, वळणाचे आहेत आणि शेवाळलेले असतात. चढावर चाक घसरलं तर फोर बाय फोर मदत करेल. उतारावर ब्रेक दाबल्यावर घसरलं तर करणार नाही. चांगले टायर घ्या. जुनी कार घेतलीत की पहिला खर्च टायरवर करा, सजावट नंतर.

मिरज लाईन
वरती सगळे कोकण आणि बोरघाटात रमलेत, पण खऱ्या पाठलागासाठी आमची लाईन आहे! पुणे-मिरज. आधी शिंदवण्याचा घाट, मग जेजुरी, नीरा, लोणंद, आणि त्यानंतर सालपे-आदर्की-वाठार हा स्वर्ग.

इथे मजा काय आहे ते समजून घ्या. लोणंद-सातारा रस्ता सालप्याचा घाट चढून सरळसोट वर येतो. रूळ मात्र चढ सौम्य ठेवण्यासाठी डोंगराच्या कुशीतून घोड्याच्या नालेच्या आकाराची वळणं घेत येतात. त्यामुळे रस्त्याचं अंतर कमी आणि ट्रेनचं जास्त. लोडेड मालगाडी चढत असेल तर खाली एकदा काढा, सावकाश पुढे जा, वर पुन्हा काढा, वाठारला पोहोचून तिसऱ्यांदा. माळरान आहे, रस्ता रुंद आहे, कडेला उतरायला जागा आहे, झाडी दाट नाही. पावसाळ्याच्या शेवटी सगळं हिरवंगार असतं आणि संध्याकाळचं ऊन तिरकं पडतं.

आता विद्युतीकरण आणि दुहेरीकरण झालं. पूर्वी डिझेलचा जो धूर आणि आवाज होता तो संपत आला. मला त्याचं वाईट वाटतं, पण ट्रेन वाढल्या हेही खरं. खांब-तारा फ्रेममध्ये येतात म्हणून आता थोडं उंचावरून काढावं लागतं.

आउटर सिग्नल, पुण्यात राहता तर सुरुवात इथूनच करा. कोणतंही चालू वाहन पुरेल.

फ्रेमबाहेर
उंचावरून काढायला कारच्या टपावर उभं राहायचं. कॅरिअर लावून फळी टाकली की झालं.

जुना गार्ड
फ्रेमबाहेर, हे करण्याआधी कृपया वाचा. ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागायची गरज नसते, पुरेसं जवळ गेलात तरी वीज उडी मारते. रुळावरच्या पुलावर कारच्या टपावर उभं राहून हातात लांब मोनोपॉड किंवा सेल्फी स्टिक धरणं म्हणजे जिवाशी खेळ. पावसात ओली छत्री तर त्याहून वाईट. मोकळ्या माळावर, तारांपासून लांब असाल तर टपावर उभे राहा, माझी हरकत नाही. पूल, फाटक, फलाट, इथे नाही.

फ्रेमबाहेर
काका, समजलं. मी माळावरचंच म्हणत होतो पण तसं लिहायला हवं होतं. बाकीच्यांनीही लक्षात घ्या.

भोंगा
कुणी आवाजाबद्दल बोललं नाही म्हणून मी आलो. धागाकर्ते रेकॉर्डर घेऊन फिरतात, मीही फिरतो.

आवाजासाठी इलेक्ट्रिक कारसारखं सुख नाही. ट्रेन आधीच दिसत असताना पोहोचलात, दार उघडलं, माइक लावला, संपलं. पेट्रोल किंवा डिझेल इंजिन बंद केल्यावरही थंड होताना टकटक वाजत राहतं आणि कधी पंखा फिरत राहतो. शांत दरीत बँकरचा आवाज दोन मिनिटं आधीपासून येत असतो, त्या दोन मिनिटांत ही टकटक स्पष्ट ऐकू येते. उपाय सोपा आहे: कार वीस-तीस पावलं मागे लावा आणि माइक पुढे न्या.

पण सहा लाखांत वापरलेली इलेक्ट्रिक घेऊन सावंतवाडीपर्यंत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. चार्जिंगला थांबायची जागा आणि ट्रेनची वेळ जुळवणं हे वेगळंच वेळापत्रक होतं. बोरघाट-आदर्कीपुरतं असेल तर चालेल. सीएनजीची टाकी डिकी खाते आणि पंपावरची रांग तुमची ट्रेन खाते. तुम्ही महिन्यात थोडंच फिरणार, तेव्हा साधं पेट्रोल.

दुचाकीबद्दल एक: हेल्मेट, रेनकोट आणि हातमोजे काढेपर्यंत ट्रेन गेलेली असते.

घाटवेडा
हातमोजे न काढता शटर दाबता येतं. :) बाकी आवाजाचं पटलं.

बिनगाडीवाला
मी सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे. वाहन घेऊच नका.

स्वतःचं वाहन आलं की माणूस चालवण्यात गुंततो. रस्ता, खड्डे, पार्किंग, टोल, सगळं डोक्यात. मी एसटी आणि पॅसेंजरने फिरतो. एका जागी उतरतो आणि दिवसभर तिथेच बसतो. सकाळी कोणत्या बाजूने ऊन येतं, दुपारी कुठे सावली पडते, कोणत्या सिग्नलला ट्रेन थबकते, कोणता लोको रोज येतो आणि कोणता ऑफलिंक, म्हणजे नेहमीच्या बदली अचानक आलेला, हे सगळं कळतं. गावातली माणसं ओळखायला लागतात. एका शेतकरी आजोबांनी मला त्यांच्या विहिरीवरची जागा दाखवली, तिथून रुळाचं पूर्ण वळण दिसतं. कारमधून उतरून दहा मिनिटांत परत निघणाऱ्याला ती जागा कोण दाखवणार?

आणि माथेरानचं उदाहरण घ्या. नेरळ-माथेरान, दोन फुटी गेज, १९०७ पासूनची छोटी गाडी. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला बंदीच आहे. तिथे सगळे पायी असतात आणि फोटो तरीही उत्तम येतात.

पावसाळी
बिनगाडीवाला, तुमची पोस्ट फार आवडली. विहिरीच्या जागेचा हेवा वाटला. पण बाईमाणसाला पहाटे साडेपाचला आडरानात एसटीने उतरून बसणं तितकं सोपं नसतं हो. काचा बंद करून आत बसता येईल असं काहीतरी असलं की मी त्या पहाटे जाऊ शकते, नाहीतर जाणंच होत नाही. माझ्यासाठी कारचं पहिलं काम हेच आहे.

बिनगाडीवाला
ताई, हे मला सुचलंच नव्हतं, आणि तुमचं म्हणणं पूर्णपणे पटतं. माझा सल्ला मग इतकाच: कार घ्या, पण एका जागी लावून दिवस काढा.

कोकणपट्टी
+१. आणि माथेरानचा विषय निघालाच आहे तर दस्तुरीपर्यंतचा नेरळचा घाटही चढायला कमी नाही, छोट्या कारचा कस लागतो.

थोडं अवांतर: ऑगस्ट २०२५ मध्ये कोकण रेल्वेने कारसाठीही रोरो, म्हणजे वाहनंच वॅगनवर चढवून नेणारी गाडी, सुरू केली होती, कोलाड ते वेर्णा. ट्रकची रोरो १९९९ पासून आहेच, उघड्या वॅगनवर ओळीने ट्रक, तिच्यासारखा फोटो दुसऱ्या कशाचा येत नाही. आता कारच ट्रेनवर चढवली की पाठलागाचा प्रश्नच मिटला!

घाटवेडा
हाहा! पण मग फोटो कोण काढणार?

कोकणपट्टी
मी. वळणावर उभा राहीन, हात करा.

इंद्रायणी रविवार
बोरघाटात डेक्कन क्वीन कुठे काढावी? १९३० ची राणी, तिचा एकही मनासारखा फोटो माझ्याकडे नाही. समोरून नेहमी काळपट येते.

पावसाळी
याचं कारण दिशेत आहे. क्वीन सकाळी पुण्याहून सव्वासातला निघून पश्चिमेकडे जाते, म्हणजे सूर्य तिच्या पाठीशी. संध्याकाळी मुंबईहून पूर्वेकडे येते, तेव्हाही सूर्य पाठीशी. तिच्या तोंडावर सरळ ऊन क्वचितच पडतं. त्यामुळे समोरून हट्ट धरू नका. एखाद्या वळणावर बाजूने काढा, नाहीतर उलट्या प्रकाशातच छान दिसेल अशी धुक्याची सकाळ निवडा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की हा प्रश्नच उरत नाही.

समोरून उजळलेली ट्रेन हवी तर सकाळी मुंबईहून येणारी इंद्रायणी किंवा डेक्कन एक्सप्रेस काढा. सूर्य समोर आणि मागे बँकर.

हे वाहनाच्या धाग्यात का लिहिलं, तर जागा उन्हावरून ठरते आणि वाहन जागेवरून. आधी नकाशावर रुळाची दिशा आणि उन्हाची वेळ जुळवा, मग कार कुठे लागेल ते बघा.

इंद्रायणी रविवार
इतकं साधं असून कधी डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद!

लो गिअर
कसारा घाटाबद्दल कुणी बोलत नाही. तिथे जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. जागा मागे गेली की घाट संपेपर्यंत वळता येत नाही. तिथे कार कोणतीही असो, आधी एकदा नुसतं फिरून जागा हेरून ठेवा आणि थांबताना घाटाच्या वळणावर अजिबात थांबू नका. मागून ट्रेलर येत असतात.

मिरज लाईन
लो गिअरना अनुमोदन. त्यात माझी भर: चालवणाऱ्याने रुळाकडे बघायचं नाही. आम्ही दोघे मित्र जातो तेव्हा हा नियम कडक पाळतो. बाजूचा माणूस ट्रेन कुठे आहे ते सांगतो, फोनवर एनटीईएस (ट्रेन कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं अ‍ॅप) बघतो, चालवणारा फक्त रस्ता बघतो. एकटे असाल तर ट्रेनशी समांतर जाताना काढायचा मोह सोडून द्या. पुढे जा, थांबा, उतरा, काढा.

आउटर सिग्नल
हे फार महत्त्वाचं. मी बहुतेक वेळा एकटाच असेन. आणि मुलगी बरोबर असेल तेव्हा ती माझी लुकआउट, तिला एनटीईएस माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

पहिला फलाट
निम्म्या बजेटवाल्यासाठी कुणी काही सांगेल का? :)

घाटवेडा
तुमच्यासाठी तर दुचाकीच! नवी कशाला, चांगली राखलेली स्प्लेंडर बघा. ११२ किलो वजन, कुठल्याही गावात दुरुस्त होते, पेट्रोल पिते की नाही असं वाटतं. टॉप बॉक्स लावा, कॅमेऱ्याची बॅग त्यात नुसती ठेवू नका, खाली फोमचा जाड थर द्या. सततच्या धक्क्यांनी लेन्सचे स्क्रू सैल होतात. आणि जड टेलिफोटो पाठीवर घेणं टॉप बॉक्सपेक्षा सुरक्षित, शरीर धक्के झेलतं.

भोंगा
कारवाल्यांसाठी तशीच एक गोष्ट. पावसाळ्यात एसी लावून बसलात आणि थंडगार कॅमेरा घेऊन बाहेर आलात की लेन्सवर लगेच बाष्प धरतं आणि ट्रेन समोर असताना काचेवर फक्त ढग. जागा यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, काचा खाली करा. कॅमेरा डिकीत ठेवला तर तो एसीपासून थोडा दूर राहतो.

उन्हाळ्यात उलट आहे. तापलेल्या बॉनेटवरून टेलिफोटो रोखू नका, गरम हवेने चित्र थरथरतं.

आउटर सिग्नल
सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझं मत बनत आलंय ते मांडतो.

दुचाकी मनात फार होती, पण मुलगी आणि पाऊस या दोन गोष्टींनी ती बाद. घाटवेडा, राग नसावा. फोर बाय फोर घेतली तर बजेटही ओढावं लागेल आणि पावसाळी म्हणतात तसं अरुंद वाटेवर वळवताना त्रास. मला जिथे जायचंय त्या जागा काकांनी आणि कोकणपट्टींनी सांगितल्यावर स्पष्ट झाल्या: आदर्की, मळवली-कामशेत, पळसदरी, संगमेश्वर-उक्षी. या सगळ्या ठिकाणी डांबरी रस्ता आहे आणि पुढे पाय आहेत.

तेव्हा वापरलेली पेट्रोल इग्निस, मॅन्युअल. नाही मिळाली तर वॅगनआर. उरलेल्या पैशांत टायर. पहिली फेरी आदर्कीची, मिरज लाईन म्हणतात तशी.

मिरज लाईन
वा! दिवस कळवा. मी लोणंदला येऊन थांबतो, जागा दाखवतो.

लो गिअर
उत्तम निवड. जिप्सीचं माझ्यावर सोडा. :)

जुना गार्ड
छान निर्णय. मुलीला घाटातल्या कॅच सायडिंगबद्दल सांगा. उतरताना ताबा सुटलेली गाडी मुख्य रुळावरून बाजूला वळून चढावर जाते आणि तिथे थांबते. लहान मुलांना हे फार आवडतं, माझ्या नातीला तर सगळ्यात जास्त.

आउटर सिग्नल
काका, रात्रीच सांगितलं. तिने लगेच कागदावर काढून दाखवलं आणि विचारलं की मग त्या गाडीला परत कोण आणतं?

जुना गार्ड
दुसरा लोको पाठवून, सावकाश मागे ओढून आणतात. तिचा प्रश्न अगदी योग्य आहे, शाबासकी द्या माझ्याकडून.

पावसाळी
इग्निस बघायला जाल तेव्हा ट्रायपॉड आणि बॅग बरोबर घेऊनच जा. मागची सीट भागांत दुमडते का ते तपासा, सगळ्या मॉडेलांत ती सोय नसते. एक भाग दुमडून ट्रायपॉड आडवा राहायला हवा आणि उरलेल्या भागात मुलगी बसायला हवी. मागचं दार पूर्ण वर जाऊन आपोआप टिकतं का बघा, जुन्या कारचे गॅस स्ट्रट ढिले झालेले असतात आणि दार हळूहळू डोक्यावर येतं. तुमची उंची किती? मी पाच फूट दोन, मला पुरतं.

आउटर सिग्नल
पाच अकरा. शनिवारी बघायला जातोय, दाराखाली उभा राहून सांगतो.